मॉनिटर म्हणजे संगणकाचा पडदा की लक्ष ठेवणं?

दोन्ही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सावध करणारा, बजावणारा. म्हणून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला वर्गाचा मॉनिटरही त्यातलाच. संगणकाचा मॉनिटर फक्त चित्र दाखवतो, काम सीपीयू, म्हणजे संगणकाचा मेंदू, करतो.

क्रियापद मात्र जपून वापरा. एकदा बघून येणं म्हणजे मॉनिटर करणं नव्हे, ते चेक करणं. पैठणला नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पाणीपातळी सतत मोजतात, नोंदवतात, विसर्ग वाढवायचा असला की गोदाकाठच्या गावांना इशारा देतात, ते मॉनिटरिंग. मराठीत सरळ 'देखरेख' किंवा 'लक्ष ठेवणं' म्हणा. सरकारी कागदांतलं 'संनियंत्रण' मला फार जड वाटतं. दवाखान्यात खाटेजवळचा मॉनिटर दोन्ही अर्थांनी मॉनिटर: नाडी, ऑक्सिजन पडद्यावर दाखवतो आणि आकडे बिघडले की वाजतो.