अमेरिकेतून पुण्यात परतताय? आधी शाळा, मग घर

पोरीला कोणत्या बोर्डाची शाळा, हा खल नंतर करा, आधी अंतर बघा. बाणेरला घर आणि कोंढव्याला शाळा म्हणजे पोरीचा निम्मा जीव बसमध्येच जायचा. सहावीत आहे ना? मग सीबीएसई, आयसीएसई दोन्ही जमेल. बोर्डाची नोंदणी नववीत होते, त्याआधी येताय हे उत्तम. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाचं वर्ष बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होतं, अमेरिकेशी जुळतं, पण फी ऐकताना खुर्चीत बसून ऐका! मराठी मात्र आत्ताच हातात घ्या. २०२०च्या कायद्यानं ती राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची झाली. रोज पानभर मोठ्यानं वाचून घ्या. आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला तिकडे सहसा देत नाहीत. त्याऐवजी तिथल्या शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र आणि प्रगतिपुस्तकं निघण्याआधीच मागून ठेवा.