आधी बीपी नीट मोजायला शिक

अरे, पब्लिक हेल्थ रिसर्चमध्ये यायचंय ना, मग फॉगर्टी सेंटरच्या (अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा आंतरराष्ट्रीय विभाग) ट्रेनिंग ग्रँटचं नंतर बघ, ते लोक 1968 पासून आहेत, कुठे पळून जात नाहीत. आधी डब्ल्यूएचओच्या स्टेप्स सर्व्हेचं (बीपी, डायबेटिससारख्या आजारांचे धोके लोकांमध्ये मोजायची ठरलेली पद्धत) मॅन्युअल काढ आणि स्वतः चार घरी जाऊन बीपी मोज. माणसाला 15 मिनिटं शांत बसवायचं, 3 रीडिंग घ्यायची, मध्ये 3-3 मिनिटं थांबायचं आणि सरासरी शेवटच्या दोनचीच, हे वाचायला सोपं वाटतं पण तिसऱ्या घरापर्यंत घाई होतेच, मी स्वतः जाड दंडाला बीपी मशीनचा छोटा पट्टा (कफ) लावून आकडे फुगवून आणलेत, सगळा दिवस वाया! स्टॅटिस्टिक्स काय, जमेल हळूहळू. आणि हो, गाईड असा बघ जो पेपरवर तुझं नाव पहिलं टाकेल, नाहीतर डेटा गोळा करणारा पोऱ्या म्हणूनच राहशील.