किनाऱ्याची जमीन राखताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या छोट्या संस्थेला खाडीलगतची जमीन दान मिळाली आहे. ती कायमची राखायची, एवढीच अट आहे. पहिल्या वर्षी तिथे काय लावावं?

उत्तर: पहिल्या वर्षी काहीही लावू नका. जमीन आज कशी आहे याची पक्की नोंद करा. पुढची कामं तिच्यावर बेततील आणि उद्या वाद झाला तर तीच पुरावा ठरेल.

फोटोंसाठी जागा ठरवून खुंट्या ठोका. प्रत्येक फोटोसोबत जीपीएसचे आकडे, होकायंत्रावरची दिशा, कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची (दीड मीटर ठेवली तर लक्षात राहते) आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहा. दर वर्षी त्याच महिन्यात, पाणी तेवढंच असताना तोच फोटो पुन्हा काढा. एक फोटो उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, मोठ्या चढ-उताराच्या) ओहोटीचा आणि दुसरा भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी चढ-उताराच्या) भरतीचा असेल, तर किनारा सरकला की फक्त पाणी, हे कुणालाच सांगता येणार नाही.

हद्दीच्या खुणांकडे विशेष लक्ष द्या. समुद्राच्या बाजूला ठोकलेला खांब टिकत नाही. भरती पोचणार नाही अशा आतल्या जागी, किनाऱ्याला काटकोनात, एका रेषेत दोन पक्क्या खुणा करा आणि तिथून धूप होणाऱ्या काठापर्यंतचं अंतर मोजत जा. दोन खुणा एवढ्यासाठी, की दर वेळी फीत त्याच रेषेत धरता यावी. पाण्याची उंची दाखवणारी एक मोजपट्टीही खाडीत उभी करा आणि उधाण, भांग, वेगवेगळे ऋतू अशा सगळ्या काळातले आकडे टिपा.

जमीन मालकाकडेच राहून फक्त वापरावर बंधनं घालणारा करार असेल, तर या नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. अमेरिकेतल्या भूसंवर्धन संस्थांच्या कार्यपद्धतीत अशा प्रत्येक जमिनीची वर्षातून किमान एकदा पाहणी अपेक्षित असते. वारस बदलतात, जमीन विकली जाते आणि नव्या मालकाला करारातली कलमं ठाऊकच नसतात. उल्लंघनं बहुतेकदा तिथूनच सुरू होतात. म्हणून मालकी बदलल्याचं कळताच, वार्षिक पाहणीची वाट न बघता, जाऊन भेटा.

प्रश्न: ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात आम्ही खारफुटीची हजारो रोपं लावली. वर्षभरात जवळजवळ सगळी मेली. रोपवाटिकेचा दोष असेल का?

उत्तर: रोपांपेक्षा जागेचा दोष असण्याची शक्यता खूप जास्त. खारफुटी साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर आणि उधाणाच्या भरतीच्या खाली, अशा पट्ट्यात वाढते. नैसर्गिक जंगलातली जमीन एकूण वेळेच्या साधारण ३० टक्के किंवा त्याहून कमी काळ पाण्याखाली असते. त्याखालच्या उघड्या चिखलात रोप फार वेळ बुडून राहतं, मुळांना हवा मिळत नाही, खोडाला शिंपले आणि शेवाळ चिकटतं, लाटा त्याला उपटतात. फिलिपिन्समध्ये मोठमोठ्या लागवडी अशाच जागी झाल्या आणि एकंदरीत १० ते २० टक्केच रोपं तगली. चिखलाची जागा निवडली जाते कारण ती रिकामी असते, तिच्यावर कुणाची मालकी सांगितली जात नाही. पण त्या चिखलावर पक्षी पोट भरतात. ती मुळात ओसाड नसतेच.

पातळी तपासायला महागडं यंत्र लागत नाही. जवळच्या निरोगी जंगलात सर्वांत खालच्या बाजूला वाढलेली झाडं शोधा आणि तिथे एक काठी रोवा. दुसरी तुमच्या लागवडीच्या जागी रोवा. वारा नसलेल्या दिवशी, भरती पूर्ण चढून पाणी स्थिरावलं की दोन्हीकडे एकाच वेळी खोली मोजा. जंगलात ४० सेंटिमीटर आणि तुमच्याकडे ९० भरली, तर तुमची जमीन ५० सेंटिमीटर खाली आहे. तिथे लागवड टिकणार नाही. दोन्ही जागा मोकळ्या पाण्याने जोडलेल्या आणि एकमेकींच्या जवळ असतील तरच हे गणित खरं. मध्ये बांध किंवा अरुंद मोरी असेल तर आतलं पाणी उशिरा आणि कमी चढतं, मग आकडे फसवतात.

आता खरा उपाय. जिथे पूर्वी खारफुटी होती आणि बांध घालून, भराव टाकून ती गेली, अशी जागा शोधा. तिथे भरतीचं पाणी मोकळं करा, पाणी आत-बाहेर जाण्याची जुनी अरुंद वाट उकरा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वेस्ट लेक इथे खारफुटीचे अभ्यासक रॉबिन लुईस यांनी जमीन योग्य पातळीला आणून पाणी खेळतं केलं. एकही रोप न लावता तिथे जंगल परत आलं, कारण बिया आणि झाडावरच रुजून पडणाऱ्या शेंगा भरतीबरोबर आपोआप येतात. पाणी सुधारूनही त्या पोचत नसतील, तेव्हाच रोपवाटिकेकडे वळा.

बांध फोडताना दोन गोष्टी बिघडतात. तोंड फार अरुंद ठेवलं तर पाणी आत येतं पण ओहोटीला पुरतं निघत नाही, आणि साचलेल्या पाण्यात उरलेली झाडंही मरतात. दुसरी गोष्ट मातीची. अनेक वर्षं कोरड्या पडलेल्या खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या) मातीत गंधकाच्या संयुगांपासून आम्ल तयार झालेलं असू शकतं. ओल्या मातीच्या लगद्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या खाली आला, चरातलं पाणी गंजासारखं लाल दिसलं, तर बांध एकदम मोकळा करू नका. पहिल्या लोंढ्याबरोबर ते आम्ल खाडीत उतरतं आणि मासे मरतात. अशा मातीची चाचणी करून, पाणी थोडंथोडं आत-बाहेर खेळवत जा.

प्रश्न: वाळूच्या टेकडीला मधोमध खिंडार पडलं आहे. दगडी भिंत घालावी का?

उत्तर: भिंत नको. वाऱ्यातली वाळू अडवायला सच्छिद्र कुंपण हवं: साधारण निम्मा भाग उघडा, उंची मीटर-सव्वा मीटर. भरीव अडथळ्यापाशी वारा उसळतो आणि पायथ्याची वाळू उकरतो. निम्म्या उघड्या कुंपणातून वारा मंदावून जातो आणि वाळू दोन्ही बाजूंना बसते. कुंपण वादळी लाटा पोचतात त्या रेषेच्या जमिनीकडच्या बाजूलाच घाला. समुद्री कासवं जिथे अंडी घालतात तिथे हंगामाआधी ते काढा, नाहीतर मादीची वाट अडते.

वाळू साचली की स्थानिक वनस्पतीच लावा. उष्ण किनाऱ्यावर मर्यादावेलीचे (वाळूवर पसरणाऱ्या वेलीचे) अर्धा मीटरभर तुकडे आडवे ठेवून पेरं वाळूखाली आणि शेंडा बाहेर, अशा रीतीने, पावसाळ्याच्या तोंडाशी लावता येतात. ‘गवत ते गवत’ असं मानून बाहेरून आणू नका. युरोपातलं वाळू धरणारं गवत कॅलिफोर्नियात नेलं, तेव्हा त्याने उंच, दाट टेकड्या उभ्या केल्या आणि उघड्या वाळूवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा हिरावली.

हे खिंडार बहुधा पायवाटेने पाडलं असेल. नवी वाट समुद्राच्या दिशेने सरळ न नेता वाऱ्याला आडवी, वळण देऊन न्या आणि जमिनीपासून उचललेल्या फळ्यांवरून न्या, म्हणजे खालची झाडं तुडवली जाणार नाहीत.

प्रश्न: किनारा स्वच्छ करायला यंत्र भाड्याने घ्यावं का?

उत्तर: घेऊ नका. उधाणाच्या रेषेवर साचलेल्या समुद्री शेवाळ-गवतातले किडे पक्षी खातात आणि त्याच ओळीत अडकलेल्या वाळूतून नवी टेकडी सुरू होते. यंत्र ते सगळं प्लास्टिकसकट उचलतं. उधाण ओसरल्यावर हाताने प्लास्टिक वेचा. प्रत्येक गटाला भरतीचं वेळापत्रक आणि परत फिरण्याची वेळ लिहून द्या.

प्रश्न: जमलेला सगळा निधी आणखी जमीन घेण्यात घालावा का?

उत्तर: नाही. पाहणी, कुंपणदुरुस्ती आणि कायदेशीर खर्च दर वर्षी येतच राहतो. त्यासाठी ठेव बाजूला काढा. दर वर्षी ठेवीच्या ४ टक्केच खर्च करायचं ठरवलं, तर वार्षिक १०० च्या खर्चासाठी २५०० ची ठेव लागते. हा आकडा खरेदीआधीच मांडा, त्यात जमत नसेल तर जमीन घेऊ नका. फ्रान्समध्ये १९७५ साली स्थापन झालेली किनारा संवर्धनाची सरकारी संस्था जमीन स्वतः घेते, पण रोजची देखभाल मुख्यतः स्थानिक प्रशासनांकडे सोपवते. असा भागीदार मिळाला तर ठेव कमी पुरते.

आणि घ्यायचीच असेल तर आतली पट्टी घ्या. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली, आणि २००६ ते २०१८ मध्ये हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. शंभरास एक (शंभर मीटरला एक मीटर) उताराच्या जमिनीवर २० सेंटिमीटर चढलेलं पाणी २० मीटर आत येतं. त्यासोबत खारफुटीलाही आत सरकावं लागतं. तिथे रस्ता किंवा भिंत असेल तर खारफुटी ते आणि चढतं पाणी यांच्या मध्ये चिरडली जाते. म्हणून आज कोरडी, उताराची, शेजारच्या लोकांना क्षुल्लक वाटणारी जी आतली जमीन आहे, तिच्या मालकाशी या वर्षीच बोलणी सुरू करा.