वाडा पाडावा की राखावा?

प्रश्न : जुन्या नाशकात गोदाकाठी आमचा दुमजली वाडा आहे. चार भावांची बिऱ्हाडं मावत नाहीत. पाडून इमारत बांधावी का?

उत्तर : घाई करू नका. आधी महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वाडा निळ्या रेषेच्या आत असेल तर नव्या बांधकामावर कडक बंधनं येतात. बिल्डरशी बोलण्याआधी हे कळायलाच हवं.

मग तुळयांची टोकं तपासा. भिंतीत शिरलेला भागच आधी कुजतो, कारण तिथं ओल कोंडते. टोचणी सहज आत गेली तर तेवढा तुकडा बदला, अख्खी तुळई नको. चुन्यातल्या विटांवर सिमेंटचा गिलावा मात्र कधीही करू नका! ओल आतच अडकते, विटा भुगा होतात. विरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग घ्या; गिलावा आठवडाभर ओलसर ठेवा.

जादा खोल्या मागच्या बाजूला, स्वतंत्र पायावर काढा. जुन्या भिंतींवर स्लॅबचं ओझं नको. चौक बुजवू नका. उजेड, वारा तिथूनच येतो.