मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, बायबलची वाचनं इतकी महत्त्वाची का मानतात?
कारण आमच्या श्रद्धेप्रमाणे वाचन चालू असताना देव स्वतः बोलत असतो. वाचनं म्हणजे कम्युनियनआधीची, म्हणजे पवित्र भाकरीचा ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीची, नुसती तयारी नव्हे. शब्द आणि ख्रिस्तप्रसाद मिळून एकच उपासना होते, हे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केलं. १९६९च्या नव्या वाचनक्रमात रविवारसाठी तीन वर्षांचं चक्र आलं: एक वर्ष मत्तयचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत), एक मार्क, एक लूक, योहान विशेषतः ईस्टरच्या दिवसांत.

शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात, अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटा क्रूस काढतात. वसईत ते मराठीतून ऐकताना माझी आजी डोळे मिटून घ्यायची. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती.