रॅलीला गर्दी, तपासणीच्या टेबलावर मात्र शुकशुकाट

तुम्ही लिहिलंय की 1 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या रॅलीत मुलं उत्साहाने घोषणा देतात, पण त्याच दिवशी ठेवलेल्या एचआयव्ही तपासणीकडे कुणी फिरकत नाही, आणि 'जागृती कमी पडली' असा ठपका तुमच्या गटावर येतो. वाचून राहवलं नाही, कारण आमचंही अगदी हेच झालं होतं. संसर्ग कशाने होतो, कशाने होत नाही हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देते.

तपासणीच्या टेबलावर काय ठेवलेलं असतं, ते आधी बघा. आमच्याकडे होती एक वही. जागा देणाऱ्या कार्यालयाची अट होती की येणाऱ्या प्रत्येकाची नोंद हवी: नाव, वर्ग, फोन, सही, आणि शेवटी 'शेरा' असा रिकामा रकाना. मुलं रांगेत उभी राहायची, पुढच्याच्या खांद्यावरून त्या रकान्याकडे बघायची आणि 'आलोच' म्हणून सटकायची. आधीच्यांची नावं सगळ्यांना वाचता येत होती, ते वेगळंच. नावाऐवजी नुसता क्रमांक लिहू द्या, अशी विनंती केली. उत्तर मिळालं, 'अहवालाला सह्यांची यादी जोडावी लागते.' मग फोटो मागितले, तेही चेहरे दिसतील असे! अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, साहेब आधी रजेवर, मग त्यांची बदली. तोवर मुलांचा विश्वास पार उडाला होता. आजही तो विषय निघाला की माझा संताप होतो. जागतिक आरोग्य संघटना तपासणीसाठी पाच गोष्टींचा आग्रह धरते: संमती, गोपनीयता, समुपदेशन, अचूक निकाल आणि पुढच्या उपचारांशी जोडणी. त्या एका वहीने गोपनीयता संपवली, मग बाकीच्यांपर्यंत पोचायला माणूसच आला नाही.

म्हणून माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या: नोंदी कोण ठेवणार, कोण बघणार आणि त्या कुठे जाणार, हे लेखी मिळेपर्यंत तपासणीची तारीख जाहीर करू नका. आणि ही व्यवस्था मुलांनाच ठरवू द्या. आमच्याकडे त्यांनीच टेबल मैदानातून हलवून रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासायच्या खोलीत नेलं, म्हणजे आत जाणारा कशासाठी गेला हे बाहेर कळत नाही. आम्हा मोठ्यांना हे सुचलं नव्हतं. नुसत्या टोप्या घालून मुलांना चालवलं म्हणजे त्यांचा सहभाग झाला, असं मी मानत नाही.

एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणाला 'अनुभव सांगायला' मंचावर उभं करण्याचा आग्रह होईल. कृपया करू नका. तो स्वतःहून म्हणाला तरी सभा संपल्यावर त्याच्यासोबत कोण असेल, हे आधी ठरवा. 1994 च्या पॅरिस जाहीरनाम्यात 42 देशांनी अशा व्यक्तींचा सहभाग वाढवण्याचं मान्य केलं, तो निर्णय घेण्यातला सहभाग होता. नियोजनाच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या, आणि तिथेही स्वतःची ओळख उघड करायची की नाही हे त्यांच्यावर सोडा.

कवटीची पोस्टरं असतील तर उतरवा. जिथे मरणाचीच भीती घातली जाते, तिथे निकाल जाणून घ्यायला कोण येईल? त्याऐवजी हे लावा: नियमित उपचारांनी विषाणूचं प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतकं कमी झालं आणि तसंच टिकलं, की त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांवरच्या, 2016 आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासांत अशा जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग आढळला नाही. माझ्या मते कलंक कमी करायला याहून उपयोगी माहिती नाही, आणि मुलांना नेमकी हीच कुणी सांगितलेली नसते.

जाता जाता आणखी एक. धोक्याचा संबंध आल्यास 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं चांगलं, 28 दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. ती जवळपास कुठे मिळतात, हे रॅलीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. तसंच संबंधानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नये. झालेला संसर्ग काही रॅपिड (झटपट) चाचण्यांत दिसायला 90 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

मी डॉक्टर नाही, औषधांचं डॉक्टरांनाच विचारा. 18 वर्षांखालच्या मुलांच्या संमतीचे नियमही ठिकठिकाणी वेगळे असतात, तेवढी चौकशी आधी करा. तुमच्याकडे नोंदी कुणाच्या ताब्यात असतात ते कळवलंत, तर आमच्या अर्जाचा मसुदा देते.