बीएमडब्ल्यू एक्स वनची नवी पिढी वीस मिनिटे चालवून पाहिली. माझ्याकडच्या आधीच्या पिढीच्या गाडीपेक्षा ती खरोखर चांगली आहे का, हे कसे ठरवावे?

तुम्ही प्रश्नाच्या खुलाशात लिहिले आहे की चालवताना फारसा फरक जाणवला नाही, त्यामुळे तो नसावाच. या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहीत आहे, कारण हेच वाक्य माझा धाकटा भाऊ मला अनेक वर्षे ऐकवत आला आहे आणि ते चुकीचे आहे. फरक असतो. दुसऱ्याने निवडलेल्या सरळ रस्त्यावर, शेजारी विक्री प्रतिनिधी अखंड बोलत असताना, तो वीस मिनिटांत सापडत नाही, एवढेच.

माझ्याकडे पूर्वी पहिल्या पिढीची एक्स वन होती. 2009 मध्ये आलेली ती गाडी नावाला एसयूव्ही होती; तिचा पाया बीएमडब्ल्यूच्याच थ्री सिरीज मोटारीचा होता, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले होते आणि साध्या आवृत्तीत ताकद मागच्या चाकांना मिळत असे. उंची जेमतेम 1545 मिलिमीटर. 2015 मध्ये दुसरी पिढी आली तेव्हा यातले जवळजवळ सगळे बदलले. इंजिन आडवे झाले, पाया बीएमडब्ल्यूच्याच मिनी या ब्रँडच्या गाड्यांबरोबर सामाईक झाला आणि ताकद पुढच्या चाकांकडे गेली. मागच्या पाटीवर मात्र ‘एसड्राइव्ह’ हेच नाव राहिले. आधी त्याचा अर्थ मागची चाके होता, आता पुढची. मला ही गोष्ट तेव्हाही खटकली होती आणि आजही खटकते.

ती दुसरी पिढी चालवून पाहायला मी भावाला बरोबर घेऊन गेलो. तो यांत्रिकी अभियंता आहे आणि गाडी कोणत्या चाकांवर चालते हे चालवणाऱ्याला कळत नाही, असे त्याचे ठाम मत आहे. ठरावीक फेरी संपल्यावर मी माझी जुनी गाडी काढली, त्याला शेजारी बसवले आणि त्याच रस्त्यावरून तिला नेले. वाटेत एक मोठा गोल चौक होता. तिथे वळण अर्धे पार झाल्यावर मी दोन्ही गाड्यांत सारखाच वेग वाढवला. नव्या गाडीचे नाक किंचित बाहेरच्या बाजूला सरकले आणि स्टिअरिंगमधून तळहातांना हलकी ओढ जाणवली, कारण वळण्याचे आणि ओढण्याचे काम तीच दोन चाके करत होती. जुन्या गाडीत स्टिअरिंग स्वच्छ राहिले आणि ढकलल्याची जाणीव कमरेला झाली. मला शंका उरली नाही. भाऊ म्हणाला, “मला काहीही जाणवले नाही.” शेजारच्या आसनावर बसणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग नसते, हे मी त्याला सांगितले, पण त्याच्याकडे मोठे हत्यार होते. बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे प्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनीच 2010 मध्ये सांगितले होते की वन सिरीज ही त्यांची छोटी गाडी चालवणाऱ्या 80 टक्के ग्राहकांना आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते असे वाटते. आणि ती गाडी तर मागच्या चाकांवर चालणारी होती.

या आकड्याला मला त्या दिवशी उत्तर सुचले नाही. नंतर सुचले, आणि तुमच्या प्रश्नाचेही तेच उत्तर आहे. त्या ग्राहकांना कारण माहीत नव्हते. म्हणून त्यांना परिणामही जाणवत नव्हता, असे सिद्ध होत नाही. गाडी वळणावर विश्वासाची वाटते की नाही, हे माणसाच्या हातांना आणि पाठीला कळत असते. त्यामागे कोणते यंत्र आहे, हे त्याला सांगता आले नाही म्हणून ती जाणीव खोटी ठरत नाही.

गाडी मात्र मी दुसऱ्या पिढीचीच घेतली, आणि तीही आईमुळे. तिचे गुडघे दुखत असत आणि जुन्या गाडीच्या मागच्या आसनात ती दाराला धरून खाली उतरल्यासारखी बसत असे. दुसऱ्या पिढीत मागचे आसन 64 मिलिमीटरने उंचावले होते. ती आधार न घेता सरळ बसली आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, 2760 वरून 2670 मिलिमीटरवर येऊनही आतली जागा वाढली होती, हे आडव्या इंजिनाचे खरे श्रेय आहे आणि ते मी कधीही नाकारलेले नाही. भावाने मात्र हा आपल्या युक्तिवादाचा विजय मानला. पुढे त्यानेही तशीच गाडी घेतली.

तिसरी पिढी 2022 मध्ये आली आणि ती चालवून पाहायला निघाला तो भाऊ. या वेळी मी एकच अट घातली: आधी त्याने स्वतःची गाडी आमच्या रोजच्या रस्त्यावर चालवायची आणि तासाभराच्या आत नवी गाडी त्याच रस्त्यावर न्यायची. त्या रस्त्यात वळणांचा चढ आहे, खडबडीत पट्टा आहे आणि शेवटी तळघरातल्या पार्किंगचा अरुंद, तीव्र उतार आहे. चढावर आणि खडबडीत पट्ट्यावर नवी गाडी सरस ठरली. ती अधिक शांत आणि अधिक स्थिर होती, आणि हे मी मोकळेपणाने लिहितो. पार्किंगमधून उलट्या गिअरमध्ये वर येताना मात्र भाऊ दोनदा थांबला. आमच्या दोघांच्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असलेला आठ गिअरचा गिअरबॉक्स आहे. त्यात द्रवातून ताकद जात असल्याने ब्रेक सैल करताच गाडी मऊपणे सरकते. नव्या पिढीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेला गिअरबॉक्स, आहे आणि वीतभर सरकण्यासाठी त्याला क्लच घसरवत ठेवावा लागतो. त्यातच भावाचा हात पडदा चालवण्याच्या पूर्वीच्या गोल नॉबच्या जागेवर जात होता, आणि तो नॉब आता नाही. एसीची बटणेही पडद्यात गेली आहेत. वर आल्यावर तो म्हणाला, “काहीतरी जुळत नाही, पण नेमके काय ते मला सांगता येत नाही.” मी त्याला इतक्या वर्षांपासून जे सांगत होतो ते हेच.

तेव्हा विक्रेत्याकडून गाडी तासभर मागा, आणि तो देत नसेल तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा. आपली गाडी त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर आधी चालवा. मागे नेहमी बसणाऱ्या माणसाला मागेच बसवा. गाडी चालू असताना एसीचे तापमान बदलून पाहा आणि त्या वेळी नजर किती वेळ रस्त्यावरून हटते याकडे लक्ष द्या. माझ्या मते हा या नव्या रचनेतला सर्वांत मोठा दोष आहे आणि मोठ्या वक्र पडद्याच्या कौतुकात तो झाकला जातो. डिकीबद्दल कोणी जागा वाढली असे सांगितले तर आवृत्ती विचारा, कारण काही आवृत्त्यांत ती 540 लिटर आहे आणि काहींत 500, तर तुमच्या सध्याच्या गाडीत 505 आहे. चाचणीच्या गाडीला मोठी चाके आणि 15 मिलिमीटर खाली बसणारे अ‍ॅडॅप्टिव्ह (रस्त्यानुसार जुळवून घेणारे) सस्पेन्शन असेल, तर त्यावरून साध्या आवृत्तीच्या आरामाचा अंदाज बांधू नका.

गाडी बदलावी का, हे मी सांगू शकत नाही, कारण तुमच्या मागच्या आसनावर कोण बसते हे तुम्ही लिहिलेले नाही. भावाने बदलली नाही. आम्ही चालवलेली गाडी पेट्रोलची आणि पुढच्या चाकांवर चालणारी होती. चारही चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीत वळणावरचा अनुभव वेगळा येईल. शिवाय दुसऱ्या पिढीच्या काही आवृत्त्यांत ड्युअल क्लच आधीपासूनच होता. तुमची गाडी त्यांपैकी असेल, तर उतारावरच्या फरकाबद्दल मी लिहिलेले तुम्हाला लागू पडणार नाही.